संध्याकाळी काढायचा दोरा

आमच्या घरमालकांचा स्वतःच्या स्मरणशक्तीवरचा विश्वास ज्या चुकीमुळे उडाला, ती चूक माझी होती. त्यांची नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याविषयी लिहिताना मला गंमत वाटणार आहे आणि त्या गमतीच्या आड मी ही गोष्ट ढकलून देईन, अशी मला माझ्याबद्दल खात्री आहे. इतकी वर्षं मी तेच केलं.

आम्ही त्यांना काका म्हणत असू. शेजारचे गुजराती लोकही काकाच म्हणत. टेलिफोन खात्यात लाईन इन्स्पेक्टर म्हणून ते निवृत्त झाले होते. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन बडोद्यातच गोत्रीच्या बाजूला राहणारी. छाणीत, जिथे वस्ती संपून शेतं सुरू व्हायची, तिथे त्यांची बैठी जागा होती. पुढे त्यांचं घर, बाजूला आम्हा भाडेकरूंच्या खोल्यांची ओळ, आणि मागे पेरूची झाडं. बडोद्यात पेरूला आम्ही घरातही जामफळच म्हणतो, तेव्हा इथेही तेच म्हणतो.

घराणं बडोद्याच्या जुन्या फौजेतलं. याचा अभिमान असणारे बरेच लोक मी पाहिले आहेत. काकांचा अभिमान वेगळ्या जातीचा होता. ते म्हणत, "पणजोबांनी जन्मात एक लढाई पाहिली नाही. पहारे केले. आम्ही पहारेवाले." आणि पहारेकऱ्याचं काम मारणं नसतं, आत येऊ न देणं असतं, हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की समोरच्याला वाटावं आता हातात भाला देतात की काय.

जागा पाहायला गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही. मी कोयलीच्या बाजूच्या एका रसायनांच्या कारखान्यात पाळ्यांवर काम करतो, हे मी आपणहून सांगितलं, तेही त्यांनी फारसं ऐकलं नाही. त्यांनी विचारलं, "पाखरांचा राग येतो का तुम्हाला?" मी मुलाखतीला आल्यासारखं नाही म्हणालो. "खोटं," ते म्हणाले. "पिकलेलं फळ खाल्लं की सगळ्यांनाच येतो. आल्यावर काय करता ते सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. बहुधा त्यामुळेच जागा मिळाली.

त्यांच्याकडे भाड्याच्या खोल्यांबरोबर एक जामफळाचं झाड मिळायचं. ज्याचं झाड त्याची फळं आणि त्यालाच त्याची राखण. राखणीचे नियम तीन होते. विष नाही, गोंदाचा पुठ्ठा नाही, मांजा नाही. आमच्या आधीच्या भाडेकरूने खारींसाठी फांदीवर गोंदाचा पुठ्ठा बांधला होता. सकाळी काकांनी तो पाहिला आणि दुपारी त्या माणसाचं सामान ओटल्यावर, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर, आलं. काकांनी त्याचं डिपॉझिट परत दिलं, टेम्पोही स्वतः बोलावून आणला, सामान चढवायला हात लावला आणि निघताना त्याला पिशवीभर जामफळंही दिली. ही हकीकत पहिल्याच दिवशी शेजारणीने बायकोला सांगितली, आणि बायकोने मला. आमच्या मुलीची शाळा तिथून चालत जाण्यासारखी होती. ती जागा आम्हाला सोडायची नव्हती. ही भीती पुढे कामाला आली, म्हणजे वाईट कामाला.

मग राखायचं कसं? काकांचं उत्तर होतं, दोरा. शिवणकामाचा पांढरा, बारीक, सुती दोरा. झाडाच्या चारी बाजूंना बांबू रोवलेले असत. त्यांच्या टोकांवरून हा दोरा झाडावर आडवाउभा खेचायचा. पोपट वरून उतरतो, पंखाला काहीतरी लागतं, काय ते त्याला दिसत नाही, म्हणून तो घाबरतो आणि दुसरीकडे जातो. एवढंच. दोरा इतका कच्चा हवा की पाखरू अडकलं तर दोरा तुटला पाहिजे, पाखरू नाही, असं ते म्हणत. जाड दोरा आणणाऱ्या भाडेकरूला ते दोन्ही हातांत धरून तो तोडायला लावत, आणि बोट कापलं की परत पाठवत.

ते त्याला दोरा म्हणत नसत, लाईन म्हणत. सकाळी लाईन खेचायची, संध्याकाळी लाईन काढून रिळावर गुंडाळायची आणि ओटल्यावरच्या आपापल्या खिळ्याला रीळ अडकवायचं. एकही संध्याकाळ चुकवायची नाही. ज्याला बाहेर जायचं असेल त्याने काकांना सांगून जायचं, म्हणजे ते त्याची लाईन काढत. चाळीस वर्षं रस्त्यावरच्या खांबांवरून तारा खेचलेला हा माणूस, आता सगळ्यांच्या खिशात फोन आल्यावर, जामफळांवरून दोरे खेचत होता. पण यात करुण काही आहे असं त्यांच्या चेहऱ्यावरून कधी दिसलं नाही. उलट इथे तक्रारी कमी असतात, असं ते म्हणत.

नुकसान झालं की ते त्याला फॉल्ट म्हणत. कुणी अर्धं खाल्लेलं फळ घेऊन रागाने आला की आधी त्याला बसवत, पाणी देत, मग ते फळ हातात घेऊन फिरवत. चोचीने टोचून टाकून दिलं असेल तर पोपट, गोल भोक पाडून आत खाल्लं असेल तर खार, चोथा चावून खाली थुंकला असेल तर वडवागूळ. हे मला वाटतं कुठल्याही शेतकऱ्याला कळतं. काकांची खासियत यापुढे होती. फॉल्ट नेहमी आपल्या बाजूने शोधायचा, असा त्यांचा आग्रह असे. फळ पिकून दोन दिवस झाडावर का राहिलं? उष्टी ताटं बाहेर कुणी ठेवली? धान्याचं पोतं भिंतीला टेकून का? जनावर ही त्यांच्या मते पार्टी. पार्टी तर येणारच, तिला बोलावणं कुणी पाठवलं ते बघा. हे ऐकून लोक चिडत. तक्रार करायला आलेल्या माणसाला स्वतःचीच तपासणी झालेली आवडत नाही.

त्यांची निदानं नेहमी बरोबर येत असत असंही नाही. मागच्या शेतातली चिबुडं कोल्हा नेतो, यावर ते एकदा महिनाभर ठाम होते. रोज वाकून माती पाहत आणि आम्हाला ठसे दाखवत. शेवटी पाठीमागच्या वर्कशॉपवाल्याचा कुत्रा तोंडात चिबूड धरून भर दुपारी ओटल्यावरून गेला. काकांनी त्याला जाऊ दिलं आणि म्हणाले, "ठसा कोल्ह्याचाच होता. पाय याचे होते."

भाषेच्या बाबतीत त्यांचं ठरलेलं होतं. घरात मराठी, वांदरांशी गुजराती, आणि सापाशी काही नाही. साप निघाला तर दार उघडं ठेवायचं आणि आपण बाहेर जाऊन बसायचं. गच्चीच्या कठड्यावर हुप्प्या येऊन बसला की काका खालूनच सांगत, "भाई, आगळ वधो." पुढे सरका, म्हणजे. हुप्प्या तसाच बसे. काका म्हणत, ऐकतो, पण त्याच्या वेळेने.

जवळच्या एका सोसायटीत वांदरांनी गच्चीवरच्या पाणी तापवायच्या काचेच्या नळ्या फोडल्या. तिथल्या कमिटीने काकांना बोलावलं. मीही बरोबर गेलो होतो. काकांनी नळ्या पाहिल्याच नाहीत. गच्चीच्या कोपऱ्यात केळ्यांच्या साली आणि गाठियांचा चुरा पडला होता, तिकडे बोट दाखवून हे काय, म्हणून विचारलं. दर शनिवारी काही लोक वांदरांना खायला घालत होते. ते बंद करा, असं काका म्हणाले. सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "काका, ए तो हनुमानदादा छे." काकांनीही हात जोडले. "मग फुटलेल्या नळ्या प्रसाद समजा," असं म्हणून ते जिना उतरले. सोसायटीने खायला घालणं बंद केलं नाही. फटाके वाजवायला माणूस ठेवला. वांदरं घाबरून तिथून उठली, थेट आमच्या गच्चीवर आली आणि टाकीचं झाकण घेऊन गेली. काका खोकला येईपर्यंत हसले.

त्यांना लांबूनही बोलावणी येत. सावली गावाकडचा एक शेतकरी रोझांनी, म्हणजे नीलगाईंनी, हैराण झाला होता. नावात गाय असल्यामुळे मारणं सोडाच, दगड मारायलाही त्याची आई देत नव्हती. काका आपली घडीची खुर्ची घेऊन गेले. दिवसभर बांधावर बसले, त्याच्या घरचा रोटला खाल्ला, आणि निघताना सांगितलं की कडेने दाट एरंड लाव, एरंडाला रोझ तोंड लावत नाही. शेतकरी शांतपणे म्हणाला की ते तर त्याच्या बापानेच लावलेलं आहे, पलीकडच्या कडेला उभंच आहे. काकांना नवीन काही माहीत असेल म्हणून बोलावलं होतं. ही गोष्ट काका स्वतःच सगळ्यांना सांगत. तो शेतकरी पुढे त्यांचा दोस्त झाला आणि अधूनमधून त्याच्याकडून एरंडाचं तेल येई. आम्हा सगळ्यांच्या घरी ते पडून असे.

आता घुबडांकडे येतो.

मागच्या शेडच्या पत्र्याखाली, सावलीत, काकांनी टेलिफोन खात्याची एक लोखंडी पेटी बसवली होती. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी असते तशी, आत पूर्वी तारांचे जोड असायचे. खात्याने ती भंगारात काढली तेव्हा काकांनी घेतली. तिचं एक दार काढून तिथे फळी लावली, फळीला भोक ठेवलं, आत भुसा घातला. मग दोन हिवाळे काहीच झालं नाही. लोक विचारत की काका, लाईन लागली का? तिसऱ्या हिवाळ्यात पांढऱ्या, बदामी तोंडाच्या गव्हाणी घुबडांची जोडी तिथे राहायला आली. "नवीन कनेक्शन," एवढंच काका म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना जिलेबी वाटली.

शेजारी कुरबुर झाली. घरात घुबड चांगलं नाही. कुणीतरी पेटीवर दगड मारला. काका दुसऱ्या दिवशी घरोघर गेले आणि गुजरातीत समजावून आले की हे घुवड नाहीच, ही रेवीदेवी आहे. गुजरातीत या जातीच्या घुबडाला खरंच रेवीदेवी म्हणतात, ते काही त्यांनी रचलेलं नव्हतं. पण त्यांनी ते 'देवी'वर जोर देऊन सांगितलं. दगड थांबले. एक म्हातारी तर सणावाराला पेटीखाली दिवा ठेवू लागली. काकांनी तो उचलून जरा लांब ठेवला आणि तिला बरं वाटावं म्हणून रोज स्वतः तेल घातलं.

त्या जोडीने मागचे उंदीर उठवले. शेतात, वर्कशॉपमध्ये, आमच्या गव्हाच्या डब्यांभोवती, फरक सगळ्यांना दिसला. घुबडं न पचलेल्या हाडाकेसांच्या गोळ्या ओकून टाकतात. काका त्या केसांच्या पिनेने उकलत, त्यातल्या उंदरांच्या कवट्या धुऊन ओटल्याच्या कडेला मांडत. माझ्या बायकोने तुळशीची कुंडी दुसऱ्या टोकाला नेली. कुणी उंदरांची तक्रार केली की काका त्या रांगेकडे हात करत आणि तक्रार पोचली आहे, असं सांगत.

संध्याकाळी लाईन काढायची ती या जोडीसाठी. अंधार पडला की घुबडं झाडांच्या शेंड्यांवरून, आवाज न करता, खाली बघत जातात. पोपटाला दोरा लागला तर तो उडून जातो, कारण तो हळू उतरत असतो. घुबड झेपेत असतं, त्या वेगात कच्चा दोराही पंख चिरतो, असं काका म्हणत.

उत्तराणीचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दोन दिवस काका लाईन पूर्ण बंद ठेवत. आकाशात आपलं आधीच फार झालंय, पोपटांना खाऊ दे, असं ते म्हणत. मला पतंगाचं वेड आहे. बडोद्यातल्या माणसाने हे सांगायची गरज नसते. मी रस्त्यावर उभा राहून, समोर काच लावून घेऊन, गुलाबी मांजा रंगवून आणत असे, आणि काका गच्चीवर छत्री उघडून बसून माझे पेच बघत. बघायला त्यांची हरकत नव्हती. सण संपला की मात्र ते आकडी लावलेला लांब बांबू घेऊन एकेका झाडातून तुटलेला मांजा ओढून काढत. एक तुकडाही राहू देत नसत.

त्या वर्षी उत्तराणीनंतर माझी दुसरी पाळी लागली. दुपारी जायचं, मध्यरात्रीच्या सुमारास यायचं. संध्याकाळची माझी लाईन काका काढत. अडचण सकाळची होती. पोपट उजाडताच येतात, आणि मला तेव्हा जाग येत नव्हती. मी उठून लाईन खेचेपर्यंत निम्मी फळं टोचलेली असायची. फिरकीवर मांजा उरला होता. एका दुपारी, काका बँकेत गेले असताना, मी झाडावर चढलो आणि बांबूंच्याही वर, शेंड्याच्या फांद्यांना, तो मांजा चार-पाच वेळा आडवा बांधला. खाली नेहमीचा पांढरा दोरा दिसायला होताच. मी स्वतःला सांगितलं की आठवडाभराचा प्रश्न आहे. पोपट कमी झाले. काकांनी माझं कौतुकही केलं, की तुमचं झाड यंदा चांगलं राखलं आहे.

आठवडा संपत आला तेव्हा एका सकाळी मला लवकर जाग आली. मागे गेलो तर माझ्या झाडाच्या शेंड्याला घुबड लटकलेलं होतं. एक पंख उघडा, दुसरा गुंडाळलेला. मेलं होतं. मांजाने पंखाचं हाड उघडं पडलं होतं.

पुढे मी जे केलं ते फार व्यवस्थित केलं. चढलो, ब्लेडने मांजा कापला, सगळाच्या सगळा, आणि खिशात घातला. घुबड खाली ठेवलं. ओटल्यावर गेलो. माझ्या खिळ्याला माझं रीळ होतं, काकांनी आदल्या संध्याकाळी गुंडाळून नीट लावलेलं. ते मी काढलं, त्यातला थोडा दोरा ओढून पंखात अडकवला, थोडा झाडाच्या बांबूंवर टाकला. मग काकांच्या दारावर थाप मारली.

कुणी विचारेल, उत्तराणीचा कुठून तरी उडत आलेला मांजा होता, एवढं सांगून का नाही भागवलं? काकांनी माझी पाठच थोपटली असती. खरं सांगतो, ते मला दुपारपर्यंत सुचलं नाही. घाबरलेल्या माणसाला जवळचं खोटं सुचतं, बरं खोटं सुचत नाही. माझ्या डोळ्यांसमोर फक्त ओटल्यावर आलेलं सामान होतं.

काका आले. खाली बसले. त्यांनी पंख उचलून पाहिला, दोरा बोटावर घेतला. मीच म्हणालो, "काका, माझी लाईन राहिली होती."

"काल तुमची माझ्याकडे होती."

"हो."

"मी काढली होती." ते झाडाकडे बघत म्हणाले. "मला आठवतंय ना. या बाजूचा बांबू हलत होता. मी म्हटलं, उद्या ठोकू."

मी म्हणालो, "राहिली असेल, काका. होतं असं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशय नव्हता. संशय असता तर मी कदाचित बोललो असतो. ते म्हणाले, "म्हणजे आठवतंय ते खरं नाही."

पेटीत पिल्लं होती. उरलेलं घुबड एकटं त्यांना पुरं पडेना. जन्मात उंदराला पिंजरा न लावलेल्या माणसाने स्वतःच्या स्वयंपाकघरात पिंजरा लावला आणि सापडलेलं तो रोज संध्याकाळी पेटीच्या छपरावर ठेवू लागला. काही पिल्लं जगली, उडून गेली. पुढल्या हिवाळ्यात पेटी रिकामीच राहिली.

काका आतून बदलत गेले. आधी रुमालाला गाठी मारायला लागले. मग गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येऊ लागले. एकच गोष्ट सांगताना थांबत आणि विचारत, हे मी आधी सांगितलंय का? सांगितलेलं नसायचं. त्यांनी सगळ्यांच्या लाईनी बंद केल्या आणि खिळे उपटले. सावली गावचा तो दोस्त दुसऱ्या एका शेतकऱ्याला घेऊन आला तेव्हा त्याला चहा पाजून परत पाठवलं. माझ्यावर भरवसा ठेवू नका, असं ते त्याला म्हणाल्याचं मी खिडकीतून ऐकलं.

एका रविवारी त्यांची मुलगी मला ओटल्यावर गाठून म्हणाली, "तुम्ही रोज जवळ असता. बाबा खरंच विसरतात का हो?" काका आत होते. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "थोडंफार. वयाप्रमाणे." पहिली चूक घाबरून झाली असं म्हणता येईल. हिला तसं काही म्हणता येत नाही.

तिने त्यांना गोत्रीला आपल्या फ्लॅटमध्ये नेलं. छाणीची जागा बिल्डरकडे गेली. आम्हीही दुसरीकडे राहायला गेलो, आणि सामान शेवटी ओटल्यावर आलंच. तिथे आता दुकानांची ओळ आहे.

मी दिवाळीला त्यांना भेटायला जात असे. सातवा मजला, बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी. ते जाळीच्या आत बसून बाहेरच्या कबुतरांकडे बघत. घरमालकपण गेल्यामुळे असेल, पण ते माझ्याशी फार अदबीने बोलत, आणि ती अदब मला सहन होत नसे. दरवर्षी मी सगळं सांगायचं ठरवून जात असे आणि मोहनथाळ खाऊन परत येत असे.

गेल्या दिवाळीत मुलीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. काकांनी सकाळचं फिरणं बंद केलं होतं. परतीचा रस्ता विसरेन, असं म्हणत. तिने त्यांना डॉक्टरांकडे नेलं, सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, काही नाही, या वयाच्या मानाने डोकं उत्तम आहे. "पण बाबा ऐकतच नाहीत," ती म्हणाली. "म्हणतात, डॉक्टरला त्या घुबडाचं माहीत नाही."

मी बाल्कनीत गेलो आणि त्यांच्यासमोर बसून सांगितलं. मांजा, शेंडा, ब्लेड, रीळ, सगळं. मुलगी दारात उभी होती, तिच्यादेखत. संपल्यावर काकांनी फॉल्टची तक्रार घ्यावी तसे प्रश्न विचारले.

"बांबूच्या वर बांधला होता?"

"वर. शेंड्याला."

"म्हणून खालून दिसला नाही."

"हो."

"आणि माझा दोरा?"

"रिळावर होता. खिळ्याला. नीट गुंडाळलेला. मी तो काढला आणि टाकला."

त्यांचा उजवा हात मांडीवर जरासा फिरला, गुंडाळल्यासारखा. "बांबू हलत होता का?"

मी म्हणालो, "हलत होता. नंतर मीच ठोकला."

"म्हणजे मी काढला होता," ते म्हणाले. मग मुलीकडे वळून, "काढला होता मी."

ते उठले आणि चपला मागितल्या. मुलगी बरोबर निघाली, तिला नको म्हणाले. लिफ्टमध्ये मी शिरलो, त्याला हरकत घेतली नाही, पण फाटकाशी मला हाताने थांबवलं. ते एकटेच रस्त्याला लागले. कोपऱ्यावर वळले आणि दिसेनासे झाले. वॉचमनने मला बसायला खुर्ची दिली. मी बसलो नाही. मुलगी वर जाळीला तोंड लावून उभी होती. आमच्यापैकी कुणाचंही लक्ष दुसरीकडे नव्हतं.

बऱ्याच वेळाने ते दुसऱ्या बाजूने आले, म्हणजे पूर्ण चक्कर मारून. चाल हळू होती, पण कुठे अडखळली नाही. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले, रुमाल काढून मान पुसली. रुमालाला गाठ होती. त्यांनी ती बघितली आणि सोडवली.

"अजून काही सांगायचं राहिलंय?" त्यांनी विचारलं.

वर बाल्कनीत मी हकीकत सांगितली होती. तेवढंच सांगितलं होतं.

मी म्हणालो, "काका, तुमचं घुबड मी मारलं. ते मी तुमच्यावर घातलं. तुमच्या मुलीने विचारलं तेव्हाही घातलं. तुम्ही काही विसरला नव्हता, आणि हे मला रोज माहीत होतं. मला माफ करा."